घरात गॅस आहे, मग चूल का पेटते? ऊर्जाबदलातल्या माणसाच्या निर्णयाचं मॉडेल पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ऊर्जाबदलावर, म्हणजे लोक जुन्या इंधनाकडून स्वच्छ इंधनाकडे कसे वळतात यावर, एम.टेक. किंवा पीएच.डी.चं काम सुरू केलं की थोड्याच दिवसांत मार्गदर्शक सांगतात, 'माणसांचं वर्तनही मॉडेलमध्ये घ्या.' मॉडेल म्हणजे इथे संगणकावर उभं केलेलं काल्पनिक गाव, ज्यातली घरं आपण दिलेल्या नियमांनी वागतात. कसं घ्यायचं हे मात्र सहसा कोणी बसून सांगत नाही. मग विद्यार्थी वीस शोधनिबंध उतरवून घेतो, त्यातल्या सिद्धांतांच्या नावांनी गांगरतो आणि शेवटी उत्पन्न व किंमत एवढे दोन आकडे घालून मोकळा होतो. या वाटेने मी गेलो आहे. तुमचे महिने वाचावेत म्हणून एकच उदाहरण धरून सगळे टप्पे सांगतो.

उदाहरण आहे स्वयंपाकाच्या इंधनाचं. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथून सुरू झाली. आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात दिलं गेलं. तीन-साडेतीन वर्षांत आठ कोटी घरांत सिलिंडर पोचला. तरी मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात पहाटे गेलात तर घराघरांतून चुलीचा धूर दिसतो. ही माणसं अडाणी आहेत म्हणून असं होतं, असं मानून बसलात तर मॉडेल करायची गरजच उरत नाही. त्यांच्या वागण्यामागे हिशोब आहे आणि तो मांडता येतो.

आधी हे जवळ ठेवा

- नेटलोगो हे अशी मॉडेलं चालवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. यूरी विलेन्स्की यांनी ते १९९९ साली आणलं आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही ते लवकर जमतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं मेसा हे याच कामाचं साधन वापरा.
- सर्वेक्षणासाठी कोबोटूलबॉक्स. यात फॉर्म मराठीत करता येतो आणि रेंज नसलेल्या वस्तीवरही मोबाइलवर भरता येतो.
- तुमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी. अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, वेळ लागतो.
- मराठीतलं संमतिपत्र, संस्थेचं ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र.
- एक जाड वही. नियम आधी हिच्यात उतरतील, संगणकावर नंतर.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'ग्रामीण भागातला ऊर्जाबदल' हा प्रश्न नव्हे. 'कनेक्शन असलेलं घर सिलिंडर संपल्यावर किती आठवड्यांनी पुढचा भरून आणतं आणि ते कशावर ठरतं?' हा प्रश्न आहे.

नवख्यांचं काम इथेच वाकडं जातं. कनेक्शन घेणं हा आयुष्यात एकदा घ्यायचा निर्णय, आणि उज्ज्वलात त्याचा बराचसा भार सरकारने उचलला होता. रिफिल हा निर्णय वर्षातून अनेकदा, खिशातले पैसे मोजून घ्यावा लागतो. सरकारी आकड्यांनुसार २०१९-२० मध्ये उज्ज्वला घरांचा सरासरी वापर वर्षाला ३.०१ सिलिंडर होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.९५ झाला. कनेक्शनांचा आलेख पाहिला तर काम फत्ते झालेलं दिसतं, रिफिलचा पाहिला तर खरं काम कुठे सुरू होतं ते कळतं. छतावरची सौर वीज असो की विजेवरची दुचाकी, वस्तू विकत घेणं आणि ती रोज वापरणं हे दोन निर्णय वेगळे मांडा.

२. घरात निर्णय नेमका कोण घेतं ते शोधा

मॉडेलमध्ये निर्णय घेणाऱ्या घटकाला एजंट म्हणतात. सरसकट 'घर' हाच एजंट धरायची पद्धत आहे. स्वयंपाकाच्या बाबतीत ती पुरत नाही. कनेक्शन बाईच्या नावावर असतं, सिलिंडर नवऱ्याच्या मोबाइलवरून नोंदवला जातो, पैसे सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतात, सरपण आणते तीच जी स्वयंपाक करते आणि धूरही तिच्याच डोळ्यांत जातो. ज्याला त्रास होतो आणि जो पैसे देतो ती दोन वेगळी माणसं आहेत. घराला एकच मन दिलंत तर ही गाठ मॉडेलमध्ये कधीच दिसणार नाही.

त्यामुळे प्रत्येक घरात निदान दोन आवाज ठेवा, रांधणारीचा आणि पैसे देणाऱ्याचा. दोघांच्या मताला किती वजन द्यायचं हे सर्वेक्षणातून ठरवा. कोडमध्ये यासाठी एकच जास्तीचा आकडा लागतो, पण निष्कर्ष त्याने पालटू शकतात.

३. इंधन घरानुसार नव्हे, कामानुसार मांडा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. जुनी कल्पना अशी होती की उत्पन्न वाढलं की कुटुंब गोवरीवरून लाकडावर, लाकडावरून रॉकेलवर आणि मग गॅसवर अशी पायरीपायरीने चढतं. २००० साली मासेरा, साटकांप आणि कामेन यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांच्या अभ्यासावरून दाखवून दिलं की तसं होत नाही. घरं नवं इंधन घेतात आणि जुनंही ठेवतात.

आपल्याकडे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मराठवाड्यातल्या एखाद्या घराची सकाळ घ्या. पहाटे अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी चढतं. चहा गॅसवर होतो, कारण दोन कपांसाठी चूल फुंकत कोण बसणार? भाजी-वरण गॅसवर किंवा चुलीवर, घाई असेल तसं. भाकरी चुलीवर, कारण तव्यावरून काढून ती निखाऱ्यांशी टेकवून फुगवायची असते. पाहुणे अचानक आले की गॅस. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की पुन्हा गॅस. विदर्भात कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांचा आणि तुरीनंतर तुराट्यांचा ढीग बांधावर लागतो, तेव्हा गॅसची आठवणही होत नाही.

म्हणून वहीत तक्ता करा. आडव्या ओळींत कामं लिहा: पाणी तापवणं, चहा, भाकरी, भाजी-वरण, दूध, गुरांचं आंबोण. उभ्या रकान्यांत हंगाम घ्या: पावसाळा, सुगी, उन्हाळा. प्रत्येक चौकटीत कोणतं इंधन आणि का, ते भरा.

या तक्त्याला ऊर्जेचा हिशोब जोडा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला सुमारे ४५ मेगाज्यूल धरले तर एकूण ६३९ मेगाज्यूल. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर भांड्यापर्यंत सुमारे ३८३ मेगाज्यूल पोचतात. लाकडात किलोला १६ मेगाज्यूल आणि साध्या चुलीची कार्यक्षमता १२ टक्के धरली तर भांड्याला मिळतात जेमतेम १.९. म्हणजे एक सिलिंडर साधारण २०० किलो सरपणाची जागा घेतो. वीस किलोची मोळी धरली तर डोक्यावरून आणलेल्या दहा मोळ्या. हा आकडा हाती असला की एका मोळीमागे बाईचे किती तास जातात आणि त्या तासांत तिला मजुरी मिळाली असती का, हे प्रश्न मॉडेलमध्ये नीट बसतात. कापूसवेचणीच्या दिवसांत तिच्या तासाला मोल असतं, चैत्र-वैशाखात कामच नसतं. सरपण 'फुकट' असं लिहू नका, त्याची किंमत महिन्यागणिक बदलते.

४. तयार आकडे घ्या, पण मूळ प्रश्न वाचून घ्या

आकडेवारी उतरवून घेण्याआधी तिची प्रश्नावली उघडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि २०११ ची जनगणना 'मुख्य' इंधन विचारतात. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली ५८.६ टक्के घरं स्वच्छ इंधनाची म्हणून नोंदली आहेत. त्यांतल्या किती घरांत चूलही पेटते हे त्या आकड्यातून कळत नाही. मुख्य इंधनाच्या आकड्यावर उभं केलेलं मॉडेल चूल आधीच विझवून टाकतं.

कामाचे स्रोत सांगतो. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात सरपण आणि गॅस दोन्हींच्या वापराची नोंद असते आणि घरवार आकडे मोफत मिळतात. सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या संस्थेचं २०२० चं निवासी ऊर्जा सर्वेक्षण २१ राज्यांतल्या सुमारे १५,००० घरांचं आहे. याच संस्थेचं त्याआधीचं 'अ‍ॅक्सेस' सर्वेक्षण (२०१५ आणि २०१८) बरंच वापरलं जातं, पण त्यात बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही सहाच राज्यं आहेत. ते आकडे घेऊन बीडचं मॉडेल करू नका. पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) या संस्थेचे घरगुती वीजवापरावरचे अहवालही वाचा. विषय वीज असला तरी घरातलं उपकरण खरोखर कधी चालू असतं हे कसं मोजावं, ते त्यात शिकायला मिळतं.

सरासरीवरही विसंबू नका. वर्षाला सरासरी साडेतीन सिलिंडर म्हणजे प्रत्येक घर साडेतीन वापरतं असं नव्हे. निम्मी घरं सात वापरतात आणि निम्मी एकही नाही, तरी सरासरी तीच येते. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या विक्रीच्या नोंदींवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उज्ज्वलाच्या सुमारे ३५ टक्के ग्राहकांनी पहिल्या वर्षात एकही रिफिल घेतला नव्हता. मॉडेलने सरासरीबरोबर ही विभागणीही दाखवायला हवी.

५. गावात जा आणि कालचं विचारा

'तुम्ही गॅस वापरता का?' असं विचारलं तर उत्तर 'हो' येणार, कारण कनेक्शन आहे. शिवाय चूल पेटते म्हटलं तर अनुदान बंद होईल अशी धास्ती असते. त्याऐवजी विचारा, 'मावशी, काल सकाळी उठल्यावर आधी काय पेटवलं? त्यावर काय ठेवलं? मग?' कालचा दिवस माणसाला आठवतो आणि तो सांगताना लपवण्यासारखं काही वाटत नाही.

मग गॅसचं पुस्तक दाखवाल का, अशी विनंती करा. त्यात रिफिलच्या तारखा असतात. दोन तारखांमधलं अंतर हीच तुमच्या मॉडेलची सर्वांत मोलाची सामग्री. जून ते सप्टेंबर तारखा जवळजवळ आहेत आणि नंतर फेब्रुवारीपर्यंत पान कोरं, असं दिसलं तर लगेच विचारा, 'दिवाळीनंतर घरी नव्हतात का?' बीड, जालना, अहिल्यानगरकडे उत्तर बहुधा ऊसतोडीचं येईल. कुटुंब कारखान्यावर जातं, कोपीसमोर (तिथल्या तात्पुरत्या झोपडीसमोर) तीन दगडांची चूल मांडतं, आणि सिलिंडर गावात कुलूपबंद घरात राहतो. नोंदीत ते घर 'गॅस न वापरणारं' ठरतं. हे स्थलांतर मॉडेलमध्ये नसेल तर त्या पट्ट्याबद्दलचे तुमचे निष्कर्ष चुकीचे येतील.

मुलाखत स्वयंपाक करणाऱ्या बाईचीच घ्या, शक्यतो चुलीपाशी, तिच्या सवडीने. ओट्यावर बसलेले दादा कौतुकाने सगळं सांगतात, पण सिलिंडर किती दिवस पुरतो हे त्यांना अंदाजानेच माहीत असतं. सोबत एखादी सहकारी असेल तर बोलणं मोकळं होतं. पुस्तकाचा फोटो काढू नका. फक्त तारखा उतरवा, ग्राहक क्रमांक आणि नाव लिहू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी ज्या घराने तुम्हाला चहा पाजला त्याची ओळख उघडी पडू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

६. नियम आधी मराठीत लिहा

आता वही उघडा आणि एका घराचा एक आठवडा शब्दांत लिहा. आठवडाच का? मजुरी बऱ्याच ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पडते आणि खर्चही त्याच दिवशी ठरतो. महिना धरला तर पैशाची ही चणचण दिसत नाही. माझ्या वहीतले नियम साधारण असे आहेत:

- सिलिंडर शिल्लक असेल तर चहा आणि घाईची कामं गॅसवर.
- सरपण कोरडं आणि हाताशी असेल तर पाणी आणि भाकरी चुलीवर. सरपण ओलं असेल तर भाकरी गॅसवर, पाणी मात्र शक्य तोवर चुलीवरच.
- सिलिंडर संपला तर या आठवड्याची शिल्लक पाहा. किराणा, दवाखाना आणि उधारी भागवून सिलिंडरची पूर्ण किंमत उरते का? उरत असेल आणि घरातला पैसे देणारा राजी असेल तर नोंदणी. नसेल तर पुढच्या बाजारापर्यंत चूल.
- गाडी वस्तीपर्यंत येत नसेल तर सिलिंडर आणायला माणूस आणि मोटारसायकल मोकळी आहे का, हेही पाहा.
- भावकीत किंवा बचत गटातल्या बहुतेक जणी रोज गॅस वापरत असतील तर राजी होण्याची शक्यता थोडी वाढवा.

तिसऱ्या नियमात 'पूर्ण किंमत' हे शब्द जाणून घातले आहेत. उज्ज्वलाचं अनुदान मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये ठरलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० झालं, पण ते नंतर बँक खात्यात येतं. दारात सिलिंडर उतरवताना सगळी रक्कम मोजावी लागते. मॉडेलमध्ये वार्षिक उत्पन्न आणि अनुदान वजा केलेली किंमत घातलीत तर सिलिंडर परवडणारा दिसेल. ज्या आठवड्यात हातात पाचशे रुपये आहेत त्या आठवड्याला तो परवडत नाही. घराला 'उत्पन्न' देण्याऐवजी 'हातातली रोकड' द्या.

नियम लिहून झाले की गावातल्याच एखाद्या ताईंना वाचून दाखवा. 'असं कोण करतं?' असं त्या ज्या नियमाला म्हणतील तो बदला. त्यानंतरच नेटलोगोत गाव मांडणारं 'सेटअप' आणि मॉडेल आठवड्या-आठवड्याने पुढे नेणारं 'गो' ही दोन बटणं तयार करा. शंभर घरांचं एक गाव पुरे. पहिल्याच फटक्यात जिल्हा उभा करायला जाऊ नका, बिघाड कुठे आहे ते सापडणार नाही.

७. सिद्धांत एकच निवडा

हर्बर्ट सायमन यांची मर्यादित विवेकाची मांडणी, आयझेक आयझेन यांचा १९९१ चा नियोजित वर्तनाचा सिद्धांत (माणसाचं मत, आजूबाजूच्यांची अपेक्षा आणि जमेल असा विश्वास यांतून वर्तन ठरतं), एव्हरेट रॉजर्स यांची नवकल्पनांच्या प्रसाराची मांडणी (नवी गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे कशी पसरते), ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. आपल्या उदाहरणाला सायमन सर्वांत जवळचे वाटतात: माणूस सगळे पर्याय तोलत बसत नाही, जो पहिला भागण्याजोगा दिसतो तो घेतो. तीन सिद्धांत एकत्र कालवले की प्रत्येकाचे आकडे वेगळे लागतात आणि ते मिळवण्याइतकं सर्वेक्षण तुमच्या हातून होणार नाही.

८. मॉडेल चालवा आणि त्याची उलटतपासणी घ्या

पहिल्यांदा टोकाच्या चाचण्या. सिलिंडरची किंमत शून्य करा. चूल पूर्ण विझली तर पाणी तापवण्याचं काम किंवा भाकरीची आवड कुठेतरी गळली आहे. सरपण शून्य करा. घरं तरीही गॅस घेत नसतील तर रोकडीचा हिशोब तपासा. मॉडेलमध्ये यदृच्छेचा भाग असतो, म्हणून एकाच मांडणीच्या निदान पन्नास फेऱ्या घ्या. नेटलोगोतलं बिहेविअरस्पेस हे काम आपोआप करतं.

पुढची परीक्षा खऱ्या इतिहासाची. एप्रिल २०२० पासून टाळेबंदीत उज्ज्वला घरांना तीन सिलिंडर मोफत जाहीर झाले आणि त्याचे पैसे आगाऊ खात्यात टाकले गेले. त्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, सरासरी वापर ४.४ सिलिंडरच्या आसपास गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा ३.७ च्या आसपास खाली आला. २०१९-२० च्या आकड्यांवर मॉडेल जुळवून घ्या आणि २०२०-२१ चे आकडे त्याच्यापासून दडवून ठेवा. मग आगाऊ पैसे देऊन पाहा, वाढ आणि नंतरची घट दोन्ही दिसतात का. त्या वर्षी मजुरी बुडाली होती आणि शहरात गेलेली माणसं गावी परतली होती, हेही त्या प्रयोगात घाला. नाहीतर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर येईल आणि ते ओळखणं फार कठीण जातं.

९. आता धोरणाचे प्रश्न विचारा

'अनुदान वाढवलं तर काय होईल' हा प्रश्न सगळेच विचारतात. तुमच्या मॉडेलमध्ये रोकड, हंगाम आणि कामं आहेत, तेव्हा त्याहून नेमकं विचारा. तेच ३०० रुपये नंतर देण्याऐवजी नोंदणीच्या वेळीच किमतीतून वजा केले तर? १४.२ किलोऐवजी ५ किलोचा सिलिंडर वस्तीवर सहज मिळू लागला तर? कोपीवर वापरता येईल अशी सोय ऊसतोड कुटुंबांना झाली तर? आंघोळीच्या पाण्यासाठी गावात सौर बंब बसले तर सरपण किती वाचतं? महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र महिलांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. त्यातही पैसे आधी मिळतात की नंतर, हा फरक तुमचं मॉडेल तपासू शकतं. इंडक्शन शेगडीचा अभ्यास करायचा असेल तर ढाचा हाच राहील. फक्त भारनियमनाचे तास आणि वीजबिलाचा स्लॅब नव्याने घालावे लागतील.

उत्तर देताना एक आकडा सांगू नका. पन्नास फेऱ्यांत ते कुठून कुठपर्यंत हललं ते सांगा आणि कोणत्या गृहीतकाने ते सर्वांत जास्त हललं तेही लिहा.

१०. दुसऱ्याला चालवता येईल असं लिहून ठेवा

फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा मॉडेलांच्या वर्णनासाठी ओडीडी (आढावा, रचनेमागच्या कल्पना आणि तपशील या क्रमाने लिहिण्याची) नावाची ठरावीक पद्धत मांडली. पुढे माणसाच्या निर्णयांसाठी तिची ओडीडी प्लस डी ही आवृत्ती आली. प्रबंधाचं ते प्रकरण याच क्रमाने लिहा, परीक्षकांचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात. कोड कॉमसेस नेट या मॉडेल करणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याच्या ऑनलाइन संग्रहात ठेवता येतो. सोबत मराठी नियमांची वही स्कॅन करून जोडा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो सर्वेक्षणातून आला, सरकारी नोंदीतून आला की तुम्ही धरला, हे लिहा. धरलेल्या आकड्यांची यादी वेगळ्या पानावर करा, कारण पुढचा विद्यार्थी काम तिथूनच उचलेल. आणि ज्या गावात सर्वेक्षण केलं तिथल्या बचत गटाच्या बैठकीसाठी निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण तयार करा. प्रबंध सादर करण्याआधी ते घेऊन जा, म्हणजे तिथल्या बायकांनी काढलेल्या दुरुस्त्या अंतिम प्रतीत घालता येतील.